पुढचा ब्रेक लावला की तोंडावर पडतो? खुलासा

"उतारावर पुढचा ब्रेक लावू नका, हँडलवरून फेकले जाल." माउंटन बाइक शिकणाऱ्या बहुतेकांना हा सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे, आणि पाळला तर धोक्याचा.

ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर सरकतो. त्या टायरची पकड वाढते, मागचं चाक हलकं होतं. उतारावर तर ते आधीच हलकं असतं. तेव्हा नुसता मागचा ब्रेक आवळला की चाक लॉक होऊन घसरतं, वेग फारसा उतरत नाही आणि पायवाटही उकरली जाते.

मग लोक पडतात कशाने? ब्रेक झटक्यात दाबल्याने. सायकल थांबते, सावरून न धरलेलं अंग मात्र त्याच वेगाने पुढे जातं.

सराव सपाट, मोकळ्या मातीवर करा. पुढच्या ब्रेकचा लिव्हर कोणत्या हाताला आहे ते आधी बघा. सगळ्या सायकलींवर तो एकाच बाजूला नसतो. सीट खाली घ्या. दोन्ही पेडलं एका पातळीत, टाचा खाली, कोपरं किंचित वाकलेली, कंबर मागे आणि खाली. डिस्क ब्रेक असेल तर लिव्हरवर एकच बोट पुरतं. चालण्याच्या वेगाने जात फक्त पुढचा ब्रेक हळूहळू दाबा. असं १०-१५ वेळा जमलं की वेग वाढवा, मग सौम्य उतार घ्या आणि दोन्ही ब्रेक एकत्र वापरा.

एक अपवाद खरा आहे: सुट्या खडीवर, वळणाच्या मध्यावर जोरात लावलेला पुढचा ब्रेक चाक बाजूला सरकवतो. म्हणून वेग वळणाआधीच, सायकल सरळ असताना कमी करा.