चरबी काढली, साखर तिथेच

लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा विषय निघाला की ‘पोटावरची चरबी काढून टाकतात ना?’ हा प्रश्न ठरलेला. नाही काढत. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन. त्याने मधुमेहाचं काय होतं हे अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने तपासून पाहिलं. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सरासरी दहाएक किलो चरबी काढली, अडीच-तीन महिन्यांनी सगळं पुन्हा मोजलं. २००४ साली छापून आलेला निकाल: साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, सगळं होतं तसंच.

बेरिएट्रिक सर्जरीत, म्हणजे लठ्ठपणाच्या ऑपरेशनात, चरबीला हात लावत नाहीत. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला स्टेपल मारून जेमतेम ३० मिलीची पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचं जठर आत तसंच राहतं, पण घास तिथून जात नाही. नॉर्थ कॅरोलिनातले सर्जन वॉल्टर पोरीज यांच्या पेशंटांची साखर वजन फारसं उतरायच्या आतच, काही दिवसांत, नॉर्मलला यायला लागली. १९९५ च्या त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षकच ‘कोणाला वाटलं होतं?’ असं सुरू होतं.

आता माझा लाडका भाग. लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात आणि मोठ्या आतड्यात एल-पेशी दाटीने असतात. अन्न पोचलं की त्या जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. एरवी पोळीभातातली बहुतेक साखर तिथवर यायच्या आधीच शोषली जाते. बायपासनंतर मात्र अर्धवट पचलेलं अन्न एकदम खाली येऊन थडकतं आणि जेवणानंतरचं जीएलपी-१ कैक पटींनी वाढतं. ते स्वादुपिंडात काय करतं बघा. तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा-पेशीत ग्लुकोज जळलं की एटीपी हे पेशीचं इंधन वाढतं, पोटॅशियमचे चॅनेल (दरवाजे) बंद होतात, पेशीच्या पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. जीएलपी-१ आपल्या रिसेप्टरला चिकटून पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप पोचवणारं रसायन वाढवतं, त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त इन्सुलिन सुटतं. म्हणजे साखर वाढलेली असेल तरच त्याचा जोर. शिवाय ते मेंदूला ‘पुरे’ सांगतं. एक-दोन मिनिटांतच रक्तातलं निम्मं जीएलपी-१ नष्ट होतं. सध्या गाजणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधात त्याचाच रेणू थोडा बदलून आठवडाभर टिकेल असा केलाय.

मग सगळं श्रेय संप्रेरकाचं? त्याच क्लाइन यांच्या गटाने २०२० साली या उत्साहावर पाणी ओतलं. मधुमेही लठ्ठ माणसांचे ११-११ जणांचे दोन गट. एकाने बायपास करून, दुसऱ्याने नुसत्या आहारावर, साधारण १८ टक्के वजन उतरवलं. यकृत, स्नायू, बीटा-पेशी, सगळीकडे सुधारणा दोघांत सारखीच! पहिल्या दिवसांत उतरणाऱ्या साखरेतही ऑपरेशननंतरच्या जवळपास उपासाचा मोठा वाटा असतो. पण नुसत्या आहाराने १८ टक्के उतरवून ते तिथेच टिकवणं किती जणांना जमतं? जीएलपी-१ ची खरी करामत साखरेपेक्षा भुकेवर आहे, असं माझं मत.

‘डायबिटीस मुळापासून नष्ट’ हे काढ्याच्या बाटलीवर लिहिलेलं असो की हॉस्पिटलच्या होर्डिंगवर, थापच. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा आजार मागे हटलेला होता. दहा वर्षांनी ३६ टक्के. त्यातली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडे मधुमेह कमी वजनालाच गाठतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत या ऑपरेशनसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) मर्यादा एरवी ३५, मधुमेह असेल तर ३०, पण आशियाई लोकांसाठी २७.५ धरली आहे. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागतं. शाकाहारी माणसाचं बी-१२ बऱ्याचदा आधीच कमी असतं. त्याने ते ऑपरेशनच्या अगोदरच तपासून घ्यावं.