पुराची मदत आणि बेघर निवाऱ्याची सरकारी ग्रँट : ऑडिटला यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका हे आपल्याकडं पोराटोरांनाही पाठ असतं, पण पाणी उतरल्यावर मदतकामासाठी आलेल्या सरकारी पैशाचा हिशोब कसा ठेवायचा हे ट्रस्टींनाही बरेचदा कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून तुमचं ऑडिट करणाऱ्या आम्हा सीएंचं हे पत्रक.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळ-करवीरकडं तालीम मंडळांनी, ट्रस्टनी जे काम केलं ते सगळ्यांनी बघितलंय. पण ग्रँटचं ऑडिट म्हणजे पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामाला, त्याच माणसांपर्यंत गेला का ते कागदावरून बघणं, आणि पैसा मंजूर कामालाच वापरला याचा दाखला, युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे यूसी, वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो आणि त्याचा त्रास आपल्याला नाही, ज्याच्या घराची भिंत पडलीय त्याला होतो, आम्हाला ही गोष्ट खरंच फार महत्त्वाची वाटते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पैसे एकत्र केल्यामुळं. ग्रँट, लोकांची देणगी आणि मुंबई-पुण्याहून आलेली मदत सगळं एकाच खात्यात, मग ब्लँकेट कुठल्या पैशातनं घेतलं आणि धान्य कुठल्या, हे वर्षाअखेरीस कुणालाच सांगता येत नाही. ग्रँटसाठी वेगळं खातं, निदान वेगळं लेजर म्हणजे खातेवही तरी पाहिजेच. केंद्राच्या ग्रँटवर बँकेनं दिलेलं व्याजसुद्धा सरकारला परत करायचं असतं, ते संस्थेचं उत्पन्न नव्हे. ग्रँटमधनं घेतलेली बोट, जनरेटर, कपाटं मालमत्ता रजिस्टरला चढवा, परवानगीशिवाय विकता येत नाहीत.

वाटपाची यादी त्याच दिवशी करा. नाव, गाव, काय दिलं, सही नाहीतर अंगठा. नंतर आठवून एका हातानं लिहिलेली, एकाच पेनाची यादी लगेच ओळखू येते, आणि खरं वाटप झालेलं असूनही खर्च नामंजूर व्हायची वेळ येते. यादी पंचनाम्याशी जुळवून बघा, एकाच कुटुंबाची दोन नावं असतील तर कारण लिहून ठेवा. बिलांचे फोटो मोबाईलवर काढून दुसऱ्या गावातल्या कुणाकडं तरी पाठवून ठेवा, कारण पुराचं पाणी ऑफिसातही शिरतं.

बेघर निवाऱ्याचं थोडं वेगळं. नागरी उपजीविका अभियानात लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय असा हिशोब धरलेला होता, त्यामुळं ऑडिटर आधी रोजचं हजेरी रजिस्टर मागतो आणि जेवण, लाईट, सफाईचा खर्च त्याच्याशी लावून बघतो. रजिस्टरला १५ माणसं आणि जेवणाची बिलं ५० ची असली की प्रश्न येणारच. पण आधार नाही म्हणून कुणाला रात्री दारातनं परत पाठवू नका हो, सांगेल ते नाव लिहा, अंगठा घ्या, केअरटेकरची सही घ्या.

केंद्राच्या ग्रँटचं यूसी आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचं असतं, मंजुरीपत्रात आधीची तारीख असेल तर तीच धरा. आम्ही दिलेल्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन म्हणजे त्या सर्टिफिकेटचा स्वतःचा ओळख नंबर असतो, तो ऑनलाईन तपासता येतो. हिशोब मंजुरी देणारं सरकारी खातं आणि सरकारी खर्च तपासणारं कॅग दोघंही मागू शकतात, तेव्हा फाईल नीट जपा.

येताना मंजुरीपत्र, पासबुक, बिलं, ठरावाचं बुक आणि वाटपाच्या मूळ याद्या घेऊन या, झेरॉक्स चालणार नाही. काही कागद भिजून गेले असतील तरी या, सप्लायरकडनं दुसरी प्रत मागायची की बँकेच्या नोंदीवरून काढायचं ते मिळून बघू, फक्त मार्चची वाट बघू नका.