रिपोर्ट आधी तिचा येतो

१९९७ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पुण्यातला एक अभ्यास छापून आला. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘नारी’ होतो हा निव्वळ योगायोग, पण बायका आणि एचआयव्ही या विषयापुरता फार बोलका. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची तपासणी केली होती. (कोविडच्या पहिल्या लाटेत रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचे, तेच हे गंगाखेडकर.) त्यांतल्या ५२५ जणी वेश्याव्यवसायातल्या होत्या आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना एचआयव्हीची लागण होती. याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. धक्का दिला तो उरलेल्या ३९१ जणींनी. या व्यवसायाशी संबंध नसलेल्या या बायकांमध्ये लागणीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. निबंधाच्या मथळ्यातच ‘एकनिष्ठ विवाहित स्त्रिया’ असे शब्द होते.

हा आकडा पुण्यातल्या सगळ्या बायकांचा नव्हता. काहीतरी त्रास होतोय म्हणून दवाखान्याची पायरी चढलेल्यांचा होता. तरी त्यानं एक समज मोडला. १९८६ मध्ये मद्रासमध्ये भारतातली पहिली लागण सापडली ती वेश्याव्यवसायातल्या महिलांच्या रक्तात, आणि तेव्हापासून रोगाचं मूळ म्हणून ‘तसल्या’ बायकांकडे बोट दाखवलं जात होतं. पुण्यात ते बोट बुधवार पेठेकडे वळे. पुण्याच्या अभ्यासात घरच्या बायकांना धोका दिसला तो गुप्तरोग झालेल्या जोडीदाराकडून. म्हणजे त्यांनी काही केलं होतं म्हणून नव्हे, तर लग्न केलं होतं म्हणून.

बुधवार पेठेतल्या बायकांनीही ते बोट मुकाट सोसलं नाही. १९९८ मध्ये त्यांनी ‘सहेली’ हा स्वतःचा संघ उभा केला. कंडोम वाटणं हे त्याचं कामच होतं, पण त्यापलीकडचं म्हणणं असं, की आमच्यापासून इतरांना वाचवायचं एवढंच पाहू नका, आमच्याही तब्येतीचा विचार करा. त्याआधीच्या वर्षी विजयाताई लवाटे यांनी ‘मानव्य’ सुरू केलं. एचआयव्ही असलेल्या मुलांना तिथं घर मिळालं. पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेचा आरोग्य गट याच दशकात उपचार आणि समुपदेशन एका छताखाली आणू पाहत होता. चेन्नईत १९९८ मध्येच एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी स्वतःचं देशपातळीवरचं जाळं बांधलं. पॉझिटिव्ह पुरुषांच्या संघटना होत्याच, पण त्यांच्या बैठकीत सासरचा प्रश्न निघाला की तो ‘घरगुती’ ठरायचा.

आणि खरी लढाई सासरीच होती. औषधं मिळत नव्हती तेव्हाचा क्रम ठरलेला असे. आधी नवरा खंगायचा. त्याच्या दवाखान्यात दागिने आणि साठवण जायची. तो गेला, की तेराव्यानंतर कुणीतरी हिच्या तपासणीचा विषय काढायचं. पुढचा टप्पा म्हणजे हक्कसोड पत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पहिल्या वर्गाचा वारस मानलं आहे. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. कागदावर काही कमी नव्हतं. पण ‘तू तरी किती दिवसांची सोबती’ असं म्हणत सही घेतली जायची आणि सातबाऱ्यावर तिचं नाव चढायचंच नाही. माहेरी परतावं, तर तिथं भावजय ताटवाटी वेगळी काढून ठेवायची. २००६ मध्ये कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लागू झाला, तेव्हा ‘राहत्या घरातून काढता येणार नाही’ हे म्हणायला तिला निदान एक कलम मिळालं.

दरम्यान सरकारचं लक्ष तिच्याकडे वळलं, पण ते पोटातल्या बाळामुळे. या शतकाच्या सुरुवातीला गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी आणि नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाचा एकच डोस हा कार्यक्रम आला: कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला थोडं औषध. बाळाचा धोका कमी झाला, हे मोठंच काम होतं. आईचं काय? त्या एका गोळीनं तिचा आजार बरा होणार नव्हता. उलट तिच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला सरावण्याची भीती होती, आणि पुढे सरकारी उपचारात पहिल्या फळीला तेच औषध होतं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानं अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. अंगावरचं दूध हा इथं केवळ वैद्यकीय प्रश्न नव्हता. बाळंतिणीनं वरचं दूध सुरू केलं की सासू, जाऊ, शेजारीण सगळ्या कारण विचारणार, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती.

याच कार्यक्रमानं आणखी एक गोष्ट उलटीपालटी केली, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. आता तपासणी गरोदरपणात होत असल्यामुळे घरात पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट तिचा येऊ लागला. नवऱ्याची तपासणी नंतर, त्यानं मनावर घेतलं तर. ज्याचा रिपोर्ट आधी, रोग त्यानं आणला, हा घरचा न्याय. तपासणीचा क्रम हाच पुरावा ठरला.

मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारी रोजची औषधं, १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, तीही पहिल्यांदा मोजक्या रुग्णालयांतच. गरोदर स्त्रीला, सीडी-फोर (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचं प्रमाण) कितीही असो, आयुष्यभराचे उपचार द्यायचे हे धोरण येईपर्यंत २०१४ उजाडलं. त्याआधी २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून कळलं होतं, की पॉझिटिव्ह जोडीदारावर लवकर उपचार सुरू केले तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. त्या जोडप्यांत पुण्यातलीही होती. एचआयव्ही असताना लग्न करायचं का, हा प्रश्न यामुळे वेगळ्या अंगानं सुटला. त्याआधी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एचआयव्ही असलेल्यांचा लग्नाचा हक्क जणू गोठवला होता. तो भाग २००२ मध्ये मागे घेतला गेला. आता पॉझिटिव्ह वधू-वर मेळावे भरतात, आणि तिथंही पत्रिका जुळते का हे विचारणारे भेटतात.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, रिपोर्ट फोडायचा नाही, नोकरी-शिक्षण-उपचारात भेदभाव नाही. गरोदर स्त्रीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तिचा गर्भपात किंवा नसबंदी करता येणार नाही, हेही त्यात वेगळं लिहावं लागलं. राहत्या घरात राहण्याचा हक्क इथंही आहे. पण तक्रार या कायद्याखालच्या लोकपालाकडे करायची म्हणजे नाव सांगायचं, आणि गावाला कळू नये म्हणून तर ती दोन तालुके ओलांडून गोळ्या घ्यायला येते.

संजय गांधी निराधार योजनेत एड्सग्रस्तांना जागा आहे. तिथं वर्षानुवर्षं अट राहिली ती कुटुंबाच्या वार्षिक २१ हजार उत्पन्नाची, म्हणजे महिना १,७५० रुपये. चार घरची धुणीभांडी करणारी बाईही त्यात बसत नाही.

गोळ्यांमुळे नव्वदच्या दशकातल्या तरुण विधवा आज पन्नाशी-साठीत आल्या आहेत. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी करायला सांगते. पुण्यात ‘प्रयास’नं अशा स्त्रियांची तपासणी करून त्यावर अभ्यासही प्रसिद्ध केले आहेत. एआरटी केंद्रात ती ठरल्या तारखेला येतेच. त्याच फेरीत ही तपासणी उरकली, तर तिची एका दिवसाची रोजंदारी वाचेल, आणि घरी दुसरं कारण सांगावं लागणार नाही.