बेरीज बरोबर, पण एक घर रिकामं

लेऑफची वेळ आली की बऱ्याच कारखान्यांत एक साधा नियम असतो, जो शेवटी आला तो आधी जाणार. ऐकायला एकदम फेअर, ना रंग बघायचा ना बाई-पुरुष, फक्त जॉइनिंगची तारीख. आता हाच नियम अमेरिकेत सेंट लुईसला जनरल मोटर्समध्ये कसा चालला बघा. तिथे 1964 च्या आधी कृष्णवर्णीय बायकांना घेतच नव्हते. मग घ्यायला लागले, पुढे मंदी आली, यादी खालून कापत गेले आणि 1970 नंतर लागलेल्या सगळ्याच्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका घरी. दार उशिरा उघडलं कंपनीने, आणि उशिरा आल्याची शिक्षा यांना!

पाचजणी कोर्टात गेल्या. 1976 साली निकाल विरोधात लागला. कोर्टाचं म्हणणं असं: बाई म्हणून भेदभाव म्हणता? पण कंपनीत बायका आधीपासून आहेत की. (होत्या, पण गोऱ्या.) रंगामुळे म्हणता? मग वर्णभेदाची दुसरी केस चालू आहे, तिच्यात जा. दोन्ही मिळून वेगळा गट मानणार नाही.

एक चार घरांचा तक्ता काढा, आडव्या ओळीत गोरे-काळे, उभ्यात पुरुष-बायका. बायकांची बेरीज शून्य नाही, काळ्यांचीही नाही, तरी काळ्या बायकांचं घर रिकामं असू शकतं. कोर्टाने नुसत्या बेरजा तपासल्या. आणि यात पैशाचा भाग वेगळाच, कारण नोकरीबरोबर साठलेली सीनियॉरिटीही जाते, नव्या ठिकाणी परत शेवटचा नंबर, म्हणजे पुढच्या मंदीत परत आधी आपणच.

1989 मध्ये कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ यांनी याच केसवर लिहिताना इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द आणला, म्हणजे एक रस्ता वर्णभेदाचा, दुसरा बाई असण्याचा, आणि दोन्ही मिळतात त्या चौकात उभं असलेल्याला गाडी कुठल्याही रस्त्याने येऊन ठोकू शकते, कधी दोन्हीकडून. मराठीत आंतरछेदिता वगैरे म्हणतात, मला चौकच बरा वाटतो.

जात म्हणजे वंश नाही हे मान्य, पण हा चौक आपल्याकडे फार आधी कुणीतरी पाहिला होता. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 1855 मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. जातीचा जुलूम सांगता सांगता ती मधेच आपल्या बायकांच्या बाळंतपणावर येते, की त्या बाळंत होतात तेव्हा घराला छप्परसुद्धा नसतं, वरून थंडी आणि पाऊस.