रत्नागिरीचा मे महिना आणि न येणारा घाम

‘आमच्याकडे पारा चौतिसाच्या वर जात नाही, उकाड्याचं चंद्रपूरवाल्यांनी बोलावं,’ असं रत्नागिरीकर मे महिन्यात हमखास म्हणतात. पण मज्जारज्जूला इजा झालेला खेळाडू व्हीलचेअर बास्केटबॉलच्या सरावाला उतरतो, तेव्हा नुसत्या पाऱ्यावर भागत नाही.

घाम सोडण्याचा आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावण्याचा मेंदूचा निरोप मज्जारज्जूच्या टी-१ ते एल-२ (छातीचा पहिला ते कमरेचा दुसरा खंड) या भागातून निघणाऱ्या सिंपथेटिक, म्हणजे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या नसांमार्फत पोहोचतो. इजा कमरेजवळ असेल तर वरचं अंग घामानं भिजतं. मानेत पूर्ण इजा असेल तर घाम जवळजवळ येतच नाही. त्यात मूत्राशयासाठी ऑक्सिब्युटिनिन हे औषध चालू असेल तर उरलासुरला घामही घटतो. ७० किलोच्या शरीराचं तापमान १ अंशानं वाढायला साधारण २४५ किलोज्यूल लागतात. हात जोरात चालवताना २०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर वीस मिनिटांत १ अंश चढतो.

मग घाम नाही तर पाणी फवारा, हे ओघानं आलंच. कोकणात घोडं अडतं ते इथेच. बाष्पीभवन किती होईल हे त्वचेवरचा आणि हवेतला बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) यांच्यातल्या फरकावर ठरतं. ३५ अंशाच्या ओल्या त्वचेवर हा दाब ५.६ किलोपास्कल असतो. चंद्रपूरसारख्या ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत १.४, म्हणजे फरक ४.२. रत्नागिरीसारख्या ३४ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेत ३.७, म्हणजे फरक जेमतेम १.९. (चंद्रपूरची हवा स्वतःच अंग तापवते, तो हिशेब वेगळा.) १ लिटर पाणी अंगावर सुकलं तर २४०० किलोज्यूल घेऊन जातं, ओघळून गेलं तर जवळजवळ काहीच नेत नाही. उलट ते खुर्चीच्या गादीत मुरतं आणि संवेदना नसलेल्या कातडीवर बेडसोरला आमंत्रण देतं. म्हणून फवारा बारीक हवा, समोर पंखा हवा आणि ओघळ लगेच टिपायला हवा.

भरवशाचा उपाय बर्फच. ० अंशाचा १ किलो बर्फ वितळून ३५ अंशांपर्यंत येताना ४८० किलोज्यूल शोषतो. मात्र ही सगळी उष्णता अंगातूनच येते असं नाही. रत्नागिरीच्या या दमट हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) २८ अंशांच्या आसपास असल्यामुळे बर्फाच्या जाकिटालाही थंड तांब्यासारखा बाहेरून घाम सुटतो. तिथे १ ग्रॅम बाष्प साकळलं की सात ग्रॅम बर्फ फुकट वितळतो! त्यामुळे जाकिटाच्या बाहेरच्या बाजूला फोमचा थर असलाच पाहिजे. कोरड्या प्रदेशात तो नसला तरी फारसं बिघडत नाही.

जाकीट घरीही शिवता येतं. सुती बंडीला छाती आणि कुशीवर चार खिसे लावा. प्रत्येकात अर्धा किलो चुरा बर्फ आणि थोडं पाणी भरलेली घट्ट बंद होणारी पिशवी ठेवा, आत सुती कापडाचा पदर घ्या. पाठीवर खिसे नकोत, टेकल्यावर दाब पडतो. फ्रीझरमधून थेट काढलेले जेल पॅक शून्याखाली १५-१८ अंश असतात. जिथे गार लागल्याचं कळत नाही तिथे ते कातडी जाळतात. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात जेटीवर मिळतो तसला बर्फ जाकिटात चालेल, मीठ मिसळलेला असेल तर नाही, आणि पिण्यात तर मुळीच नाही. सामन्याआधी १५-२० मिनिटं जाकीट घालावं, दर पाच मिनिटांनी कातडी बघावी. खेळताना काढावं, मध्यंतरात पुन्हा चढवावं.

कोकम सरबतानं ‘अंगातली उष्णता उतरते’ म्हणतात. सरबत जरूर प्यावं, पण उतरवतो तो त्यातला बर्फ, कोकमाचा थंड गुण नव्हे. मानेभोवतीच्या गार पट्ट्याही बऱ्याचदा नुसतं बरं वाटवतात. आतलं तापमान उतरत नाही आणि खेळाडू भलत्या धीरानं खेळत राहतो. घाम कमी असल्यामुळे पाण्याची गरजही कमी असते. बळेच लिटरभर ढोसल्यास रक्तातलं सोडियम घसरू शकतं.

इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल आणि एकाएकी ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर लाली, चढता रक्तदाब दिसला, तर तो उकाडा समजू नये. ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इजेखालच्या एखाद्या त्रासामुळे रक्तदाब एकाएकी धोकादायक चढण्याची अवस्था असू शकते. बर्फ काढा, खेळाडूला आडवं न करता ताठ बसवा, पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का पाहा. लगेच उतार पडला नाही तर दवाखाना गाठा. सामना संपल्यावरही मानेची इजा असलेल्याचं तापमान काही वेळ चढतच राहतं, तेव्हा शिट्टी वाजल्यावर बर्फाचा डबा आवरायची घाई नको.