स्टाउट आंबून पूर्ण झाली का? बाटल्या भरण्याआधी हे तपासा

स्टाउट (काळी बिअर) बाटल्यांत कधी भरायची हे एअरलॉकच्या, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, बुडबुड्यांवरून ठरवू नका. फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) झाकणाची रबरी रिंग नीट बसली नसेल, तर गॅस कडेनेच निघून जातो आणि आतलं आंबणं जोरात असतानाही एअरलॉक गप्प दिसतो. उलट सगळं आटोपल्यावर खोली थोडी तापली, तरी बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे पुन्हा सुरू होतात. फिक्या बिअरचा नितळपणा निदान डोळ्यांना दिसतो, स्टाउटमध्ये तीही सोय नाही. वरचा फेस खाली बसला, की आता हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) हातात घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

माप घेताना

१८ ते २० अंश सेल्सिअसला आंबवत असाल, तर यीस्ट टाकल्यावर साधारण आठवड्याने पहिलं माप घ्या. फर्मेंटरचा नळ आतबाहेर सॅनिटायझरने धुवा आणि जार भरेल इतका नमुना काढा. तो दोन ग्लासांत आठ-दहा वेळा वरखाली ओता आणि फेस बसेपर्यंत थांबा. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि तिथेच घोळ होतो. गॅसचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात, त्यामुळे ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर आंबते तशी ती उतरते) आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हायड्रोमीटर जारमध्ये सोडल्यावर दांडी चिमटीत धरून एकदा गर्रकन फिरवा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात.

काळ्या बिअरमधून पातळीची खालची रेघ दिसत नाही. म्हणून द्रव दांडीला जिथे वर चढलेला दिसतो, तिथलाच आकडा वाचा. तो खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, पण दरवेळी तसाच वाचलात तर तुलना बिघडत नाही. नमुन्याचं तापमानही बघा: हायड्रोमीटर २० अंशांसाठी असेल आणि नमुना ३० अंशांवर असेल, तर आकड्यात सुमारे ०.००२५ मिळवा. मापलेला नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका. चाखून बघा, गोडसर वर्टची (माल्टच्या न आंबलेल्या रसाची) चव अजून लागत असेल, तर घाई नको.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) असेल तर तो यीस्ट टाकण्याआधीच्या मापासाठी ठेवा. अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा गणिताने दुरुस्त केल्याशिवाय खरा नसतो.

कोणता आकडा बरोबर?

दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी आली पाहिजेत, आणि तो आकडा अपेक्षित जागीही हवा. समजा सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५२ होती आणि आता १.०१४ आहे. १.००० च्या वरच्या ५२ पैकी ३८ अंक उतरले, म्हणजे ७३ टक्के. यीस्टच्या पाकिटावर ७० ते ७५ टक्के छापलं असेल, तर काम झालं. स्टाउट १.०१० पर्यंत उतरलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. भाजलेलं बार्ली आणि क्रिस्टल माल्ट (आतली साखर कॅरॅमल झालेलं, मोड आणलेलं धान्य) यांतला बराच भाग यीस्टला पचत नाही. मिल्क स्टाउटमधला लॅक्टोज (दुधातली साखर) तर बिअरचं यीस्ट खातच नाही, म्हणून ती १.०२० च्या वरही थांबू शकते.

शंका उरू नये यासाठी एक चाचणी आम्ही आवर्जून सुचवतो. यीस्ट टाकण्याच्या दिवशीच २०० मिली वर्ट वेगळं काढा, त्यात भरपूर यीस्ट घाला, सैल झाकण लावून २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि अधूनमधून हलवा. ते तीन-चार दिवसांत जिथे थांबेल, तिथेच तुमची स्टाउटही थांबणार.

मध्येच अडकली तर

आकडा १.०२० वर अडकला आणि चाचणीचं वर्ट १.०१३ पर्यंत गेलं, तर दोष यीस्टचा आहे; बहुधा गारठ्याने ते तळाशी बसलं आहे. तापमान दोन-तीन अंश वाढवा आणि फर्मेंटर झाकण न उघडता हलकेच गोल हलवा. खळखळवू नका, या टप्प्यावर हवा मिसळली की बिअर शिळ्या पुठ्ठ्यासारखी लागते. तीन दिवसांत फरक पडला नाही, तर जोमाने आंबत असलेलं ताजं यीस्ट घाला. चाचणीचं वर्टही वरच थांबलं असेल, तर मॅशिंग (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर उतरवणं) ६९-७० अंशांवर झालं असण्याची शक्यता मोठी. तिथे आणखी यीस्ट घालून उपयोग नाही, स्टाउट जाडसर राहील इतकंच.

घाईने भरल्यास

आंबायचा राहिलेला ग्रॅव्हिटीचा प्रत्येक ०.००१ अंक लिटरमागे सुमारे १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाटलीत तयार करतो. स्टाउटला एकूण ४ ग्रॅमच्या आसपास पुरतो. ०.००४ बाकी असताना बाटलीत गॅस होण्यासाठी घालतात ती नेहमीची साखर घालून भरलं, तर गॅस दुप्पट होतो आणि बाटली फुटू शकते. अशा बाटल्या आधीच भरून झाल्या असतील, तर डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे घालून त्या फ्रिजमध्ये ठेवा. दिवसभर पूर्ण गार झाल्यावर एकेक बूच सैल करून गॅस सोडा आणि नवीन बूच बसवा. एकदा गॅस सोडून भागेलच असं नाही. म्हणून त्या फ्रिजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा.