युद्धजोखीम विमा, सागरी

युद्ध, जप्ती, अटकाव, पाणसुरुंग किंवा दहशतवादी हल्ला यांमुळे जहाजाची जी हानी होते ती भरून देणारा स्वतंत्र विमा. नेहमीच्या सागरी विम्यातून ही जोखीम वगळलेली असते.

गोव्याच्या इतिहासात याच्या जवळ जाणारी व्यवस्था म्हणजे पोर्तुगीजांचे कार्ताझ. हा नौकानयनाचा परवाना सामान्यतः १५०२ च्या सुमारास सुरू झाला असे मानतात. त्याची घडी बसायला मात्र पुढे बराच काळ गेला असावा. परवान्यात नाखुदा (जहाजाचा कप्तान), जहाजाचा आकार, शस्त्रे व गंतव्य बंदर यांची नोंद असे. परवान्याचे शुल्क किरकोळ होते. खरा भुर्दंड पोर्तुगीज बंदरात जकात भरण्याच्या सक्तीचा. काही अर्थेतिहासकार याला संरक्षणाचे मूल्य म्हणतात, तर काही निव्वळ खंडणी. दुसरे मत अधिक पटते: धोका आणि अभय एकाच हातातून येत होते व नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद नव्हती. १६१३ मध्ये जहांगिराच्या मातोश्रींचे ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ असूनही सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले गेले.

आजच्या विम्याची सूत्रे लंडनहून हलतात. तेथील जॉइंट वॉर कमिटी ही विमा व्यावसायिकांची समिती धोक्याच्या सागरी क्षेत्रांची सूची काढते. अशा क्षेत्रात शिरण्यापूर्वी मालकाने विमा कंपनीला कळवून जादा हप्ता ठरवायचा असतो. तो जहाजाच्या मूल्याच्या टक्केवारीत, बहुधा ७ दिवसांसाठी असतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधील हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतल्यावर तांबड्या समुद्राचा दर वाढत गेला. डिसेंबरच्या आरंभी सुमारे ०.०७ टक्के असलेला हा दर जानेवारी २०२४ मध्ये ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. म्हणजे १० कोटी डॉलरच्या जहाजामागे एका फेरीला ७० हजारांऐवजी ७ ते १० लाख डॉलर. त्यामुळे अनेक कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा, साधारण १० दिवस अधिक लागणारा वळसा पत्करला.

दावे बहुधा तीन ठिकाणी अडतात. पूर्वसूचना न देता सूचीतील क्षेत्रात शिरल्यास संरक्षण जाऊ शकते. विमा कंपनी ७ दिवसांच्या नोटिशीने, अलीकडे ७२ तासांच्याही, करार रद्द करू शकते. जहाज बंदरात अडकून पडले तर ते पूर्ण हानी ठरण्यास प्रचलित कलमांनुसार १२ महिने जावे लागतात. २०२२ मध्ये युक्रेनच्या बंदरांत अडकलेल्या जहाजांमुळे हे कलम चर्चेत आले. शिवाय ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया व चीन यांपैकी कोणत्याही दोघांत युद्ध पेटल्यास हा विमा आपोआप संपतो. म्हणजे सर्वांत मोठ्या युद्धाला तो उपयोगाचाच नाही.

मालाचा विमा वेगळा. त्याचे युद्धसंरक्षण माल जहाजावर असेपर्यंतच चालते. गोदामातील मालाला ते नसते. जमिनीवरील युद्धहानी न स्वीकारण्याचा लंडनच्या विमा कंपन्यांचा समझोता १९३७ पासूनचा आहे. गोव्यातील मुरगाव बंदराचे लोहखनिज मुख्यतः चीनकडे जात असल्याने तांबड्या समुद्राचा हप्ता त्यावर थेट पडत नाही. मात्र वळशामुळे जहाजांची टंचाई झाली की भाडे वाढते, आणि हलक्या प्रतीच्या खनिजात ते सोसण्याइतका नफा थोडा असतो.

गोव्याच्या सासष्टी व बार्देश तालुक्यांतील तारवटींचा (जहाजांवरील खलाशांचा) संबंध मात्र थेट आहे. जहाजमालक व खलाशांच्या संघटना यांच्यातील आंतरराष्ट्रीय सामूहिक करारानुसार युद्धसदृश ठरवलेल्या क्षेत्रात मूळ वेतनाइतका, किमान ५ दिवसांचा बोनस, मृत्यू वा अपंगत्वासाठी दुप्पट भरपाई आणि तिकडे जाण्यास नकार देण्याचा हक्क मिळतो. तो करार लागू नसलेल्या जहाजावर व्यक्तिगत करारात लिहिले असेल तेवढेच.